डबा नको, जोडणी द्या

डोंबिवलीत नेट गेलं की पाच मिनिटांत केबलवाल्याचा फोन वाजायला लागतो. संध्याकाळपर्यंत त्याचा माणूस शिडी घेऊन सोसायटीच्या गेटवर हजर होतो. शहापूर-मुरबाडच्या आडवळणाच्या वाड्यांमध्ये हीच तक्रार करायची तर आधी फोनला रेंज लागते आणि रेंजसाठी टेकाड चढावं लागतं. दोन्हीकडची माणसं एकाच जिल्ह्यातली. दोघांनीही रिचार्ज मारलेला. आणि दोघांच्याही पैशांतून एकाच सरकारी निधीत वाटा गेलेला.

या आठवड्यात त्या निधीबद्दल बोलू.

दूरसंचार कंपन्यांना त्यांच्या समायोजित ढोबळ महसुलातले 5 टक्के या निधीसाठी सरकारकडे भरावे लागतात. हेतू स्वच्छ आहे : जिथे धंद्याच्या हिशेबाने जाळं पोचत नाही, तिथे ते या पैशांतून पोचवायचं. 1999 च्या दूरसंचार धोरणात ही कल्पना आली, 2002 पासून ती अमलात आली. ‘युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड’ असं तेव्हाचं लांबलचक नाव. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचा ‘डिजिटल भारत निधी’ केला. कंपनी भरते म्हणजे शेवटी ग्राहकच भरतो. मुरबाडची आजी नातवाशी बोलण्यासाठी मारते त्या रिचार्जमधूनही तो वाटा जातो. तेव्हा गावाला मिळणारं इंटरनेटचं अनुदान ही कुणाची मेहेरबानी नव्हे. गावाने ते पैसे आगाऊ भरलेले आहेत. भरलेल्या पैशांचा हिशेब मागायला लाजायचं कारण नाही.

माझी मागणी साधी आहे. केबल टाकली म्हणून अनुदान देऊ नका, जोडणी चालली म्हणून द्या. आणि त्यासाठी अर्ज करण्याचा हक्क बड्या कंत्राटदाराइतकाच गावातल्या माणसालाही द्या.

आता आजवर काय झालं ते पाहू. 25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायती, सुमारे 20,000 कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षांची. पुढे योजनेचं नाव ‘भारतनेट’ झालं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती झाल्याची घोषणा व्हायला डिसेंबर 2017 उजाडला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ या नावाने काम स्वतःकडे घेतलं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. 2025 च्या सुरुवातीला सरकारी हिशेबात देशभरातल्या 2 लाख 14 हजारांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ होत्या.

या आकड्याच्या आत काय असतं? ग्रामपंचायत कार्यालयात एक पेटी असते. पेटीत फायबर जिथे येऊन संपते ते यंत्र, म्हणजे ओएनटी. सोबत बॅटरी. छपरावर सौर पॅनेल. कागदावर तेवढ्याने गाव जोडलं गेलं. पण बॅटरी उतरली तर ती कोण बदलणार? पाच किलोमीटर अलीकडे जेसीबीने केबल तोडली तर कुणाला फोन करायचा? कार्यालयाला पाच वाजता कुलूप लागल्यावर समोरच्या घरातल्या बारावीच्या मुलीला त्या पेटीचा काय उपयोग? आकडा मोजणाऱ्याने हे प्रश्न विचारले नाहीत, कारण त्याला पेट्या मोजायला सांगितलं होतं.

पहिल्या टप्प्यात आणखी एक खोट होती. गावोगावची फायबर एका ओळीत नेलेली. ओळ मध्ये कुठेही तुटली की पुढची सगळी गावं एकदम बंद. ठाणे जिल्ह्यात चारशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि त्यातल्या बहुतेक शहापूर, मुरबाड आणि भिवंडी तालुक्यांत. घाट, जंगल, ओढे, चार महिन्यांचा धुवाधार पाऊस आणि वर्षभर चालणारी रस्त्यांची खोदाई. अशा मुलखात एका ओळीवर भिस्त ठेवायची म्हणजे बंद पडण्याची तजवीज आधीच करून ठेवायची.

तुटलेली फायबर जोडतात कशी, हे एकदा जवळून पाहावं. केबलचं काळं आवरण सोलायचं. आतली चिकट जेली पुसायची. केसाएवढी काचेची तार मोकळी करायची आणि स्पिरिटने साफ करायची. क्लीव्हरने टोक काटकोनात कापायचं. दोन टोकं स्प्लायसिंग यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्राच्या छोट्या पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात. मग एक ठिणगी, आणि काच काचेत वितळून एक होते. वर स्लीव्ह चढवून ती तापवायची, की जोड पक्का. हात बसलेला पोरगा हे काही मिनिटांत करतो. जोड घालायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो तुटलं कुठे हे कळवायला, माणूस पाठवायला, बिल कुणाच्या नावाने फाडायचं हे ठरवायला. त्या पोराला दूरच्या शहरातल्या मुख्य कंत्राटदाराकडून, मग पोटकंत्राटदाराकडून, मग त्याच्याही खालच्याकडून निरोप यायचा असेल, तर काही मिनिटांच्या कामाला तीन आठवडे लागणारच.

असे हात बसलेले पोरगे ठाणे जिल्ह्यात शोधावे लागत नाहीत. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूर इथल्या केबलवाल्यांनी नव्वदच्या दशकात गच्च्यांवरून टीव्हीची वायर फिरवली. पुढे त्याच गिऱ्हाइकांना ब्रॉडबँड दिलं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि लोकलने मुंबई गाठणाऱ्या शहराचं ऑफिस रातोरात घरात आलं, तेव्हा हीच पोरं पास काढून खांबांवर चढत होती. कुठल्या गल्लीत कुठला स्प्लिटर आहे, कुठल्या खांबावर उंदीर केबल कुरतडतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. सार्वजनिक पैशाशिवाय तयार झालेलं हे कसब आहे. सार्वजनिक पैसा वाटताना मात्र त्यांची आठवण होत नाही. 2024 मध्ये सुधारित भारतनेटची निविदा निघाली तेव्हा देशाची 16 पॅकेजेस पाडली होती. एकेक पॅकेज हजारो कोटींचं. बदलापूरच्या केबलवाल्याने ते कागद उघडून तरी काय करायचं?

सुधारित योजनेत चांगल्या गोष्टी आहेत आणि त्या चांगल्याच म्हणायला हव्यात. एका ओळीऐवजी आता फायबरचं कडं करायचं आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसरीकडून चालू राहील. जो बांधेल त्यानेच पुढे 10 वर्षं देखभाल करायची आहे. ग्रामपंचायतीच्या पलीकडच्या सुमारे 3 लाख 80 हजार गावांनाही मागणी केल्यास जोडणी मिळायची आहे. घराघरांत जोडणी देण्यासाठी स्थानिक उद्योजक, म्हणजे ‘भारतनेट उद्यमी’ नेमायचा आणि महसूल त्याच्यात व बीएसएनएलमध्ये निम्मा-निम्मा वाटायचा, अशी सोय आहे. बारा वर्षं उशिरा का होईना, देखभाल आणि स्थानिक माणूस या दोन्ही गोष्टी सरकारला पटल्या.

पण त्यातली एक गोष्ट नीट वाचा : गावांनी ‘मागणी केल्यास’. मागणी कोण करणार? कुठे करणार? ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या टेबलावर आधीच डझनभर योजनांचे कागद आहेत. मराठीत एक पानी अर्ज, तो कुठे द्यायचा त्याचा पत्ता आणि किती दिवसांत उत्तर मिळेल याची तारीख, या तीन गोष्टी गावाच्या हाती दिल्याशिवाय ही मागणी वर जाणार नाही. आणि मागणी आली नाही, म्हणजे गरज नाही, असा शेरा मारायला फाइल मोकळी.

शहापूर तालुक्याला हे दुखणं नवं नाही. भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं इथली, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्याही इथल्याच. धरण उशाला आणि कोरड घशाला. फायबरची गतही तीच. कसारा-आसनगावच्या रुळांच्या कडेने रेल्वेच्या रेलटेल कंपनीची फायबर जाते. मुंबई-नाशिक महामार्ग याच तालुक्यातून जातो, समृद्धी महामार्गही इथूनच पुढे भिवंडीजवळ आमण्याला संपतो. देशाचा डेटा गावच्या शिवेवरून धावतो आणि गाव टेकाडावर चढून रेंज शोधतं.

बरं, इंटरनेट ही काही आता हौसेची चीज राहिलेली नाही. सरकारनेच ती सक्तीची केली आहे. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घ्यायचं ठरलं. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी 2025 मध्ये बंधनकारक झाली. सातबारा, दाखले, शिष्यवृत्त्या, पीक पाहणी, सगळं ऑनलाइन. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांतली बाई दिवसभर राबून आली आणि तिचा फोटो वर चढलाच नाही, तर बुडते ती तिची मजुरी. सरकारने जे सक्तीचं केलं, ते पोचवणं सरकारवर बंधनकारक आहे. 2023 च्या ‘पीएम जनमन’ अभियानात कातकऱ्यांसारख्या अतिमागास आदिवासी समूहांच्या वस्त्यांसाठी मोबाइल जोडणीची तरतूद आहे. ती कुठल्या वाडीला मिळाली आणि कुठल्या वाडीला नाही, याची यादी तहसील कचेरीच्या दारावर मराठीत लावायला किती खर्च येतो?

आता शहराकडे वळू, कारण वंचित फक्त डोंगरातच राहतात असं मानून आजवर योजना आखल्या गेल्या. आपल्या जिल्ह्याचा टेलिफोनचा नकाशा आधीपासूनच चिरलेला. ठाणे शहर एमटीएनएलकडे होतं, कोड 022. कल्याण-डोंबिवली बीएसएनएलकडे, कोड 0251. त्यात कल्याण-डोंबिवलीलगतच्या 27 गावांची फरफट. ही गावं 1983 मध्ये महापालिकेत घेतली, 2002 मध्ये बाहेर काढली, 2015 मध्ये पुन्हा आत ओढली. 2011 मध्ये फायबरची योजना आली तेव्हा भोपर, संदप, घारिवली, निळजे इथे ग्रामपंचायती होत्या. चार वर्षांनी गावं शहर झाली, आणि भारतनेट तर ग्रामपंचायतींपुरतं. शहराच्या हद्दीत गेलेल्या गावठाणाने कोणत्या दारात उभं राहायचं? शेजारी उंच टॉवर उभे राहिले की तिथे कंपन्यांची रांग लागते, कारण एका जिन्यात शंभर गिऱ्हाइकं मिळतात. गावठाणातल्या चाळीत तेवढी मिळत नाहीत, म्हणून तिथे कुणी वायर नेत नाही. धंदा आपल्या जागी बरोबर आहे. धंदा जिथे थांबतो तिथून पुढे नेण्यासाठीच तर हा निधी आहे.

इथेच नवा कायदा कामाला येतो, आणि याची खबर आपल्या नगरसेवक-सरपंचांपर्यंत पोचायला हवी. 2023 च्या दूरसंचार कायद्याने डिजिटल भारत निधीचा वापर ग्रामीण आणि दुर्गम भागांबरोबरच सेवा अपुरी असलेल्या शहरी भागांसाठीही खुला केला आहे. म्हणजे 27 गावांतल्या चाळी, कळव्या-मुंब्र्याच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या, उल्हासनगरचे जुने कॅम्प, यांच्यासाठी मागायला आता कायद्याचा आधार आहे. पुढे 30 ऑगस्ट 2024 रोजी निधीचे नियम अधिसूचित झाले. त्यानुसार काम करणारी संस्था निविदेने निवडता येते, तशीच अर्ज मागवूनही निवडता येते. स्त्रिया, अपंग आणि दुर्बल घटकांसाठी प्रकल्प घेता येतात. आणि निधीच्या पैशाने उभं राहिलेलं जाळं सर्वांना खुलेपणाने, भेदभाव न करता वापरू द्यावं लागतं.

शेवटची अट सोन्यासारखी आहे. एका कंपनीने सरकारी पैशात केबल टाकायची आणि मग त्या गावात दुसऱ्या कुणाला पाऊल ठेवू द्यायचं नाही, ही मक्तेदारी या अटीने रोखता येते. आणि अर्ज मागवण्याची तरतूद आहे, तर ती वापरा. देशभराचं काम 16 तुकड्यांत वाटण्यासोबत काही पैसा तालुक्याएवढ्या तुकड्यांसाठी बाजूला ठेवा. मुरबाड तालुक्यातल्या 10 वाड्यांसाठी केबलवाला, ग्रामपंचायत आणि महिला बचत गट यांनी मिळून केलेला अर्ज स्वीकारा. तारण आणि उलाढालीच्या अटी त्या आकाराला शोभतील अशा ठेवा.

असा अर्ज कसा असावा? वाड्यांची नावं आणि घरांची संख्या. सर्वांत जवळची फायबर कुठे आहे आणि तिथून किती मीटर केबल लागेल. खोली आणि वीज कोण देणार. केबल तुटली तर दुरुस्तीला कोण जाणार, त्याचं गाव कोणतं आणि किती तासांत जाणार. घराला महिन्याला किती पैसे पडणार. एवढं पुरे. पैसे हप्त्यांनी द्या : एक हप्ता केबल पडल्यावर, दुसरा सहा महिने जोडणी सलग चालल्यावर, उरलेला तीन वर्षांत, दर तिमाहीला, जोडणी जितके दिवस चालली त्या प्रमाणात. बंद दिवसाचे पैसे कापा. जाळं चालू आहे की नाही हे यंत्र स्वतःच क्षणाक्षणाला सांगतं, त्यासाठी कुणाच्या दाखल्याची गरज नाही. ती नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली की अर्धी लबाडी तिथेच संपते.

बाहेर काय चालतं तेही पाहू. अमेरिकेने 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात ब्रॉडबँडसाठी 42.45 अब्ज डॉलर ठेवले. पैसे वाटण्याआधी घराघराचा नकाशा जाहीर केला आणि ‘माझ्या घरी इंटरनेट आहे असं नकाशा म्हणतो, पण ते नाही’ अशी हरकत घ्यायची मुभा नागरिकांना दिली. तिथेही काम रखडलं, वाद झाले. पण नकाशा लोकांसमोर ठेवून त्यावर भांडू देण्याची रीत घेण्यासारखी आहे. इतकं लांब जायचं नसेल तर केरळ आहे. 5 जून 2023 रोजी केरळने स्वतःचं ‘के-फॉन’ जाळं सुरू केलं आणि गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचं धोरण ठेवलं. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2025 मध्ये उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी स्टारलिंकशी इरादापत्र केलं. दुर्गम भागाला त्याचा उपयोग होईल तर जरूर व्हावा. पण शहापूरच्या शिवेवरून फायबर जात असताना तिथल्या शाळेने आकाशाकडे पाहावं, हे मला मान्य नाही.

अनुदानाची वाट न पाहता आज करता येण्यासारखी एक गोष्टही आहे. 9 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावाला वाय-फाय विकू शकतो. त्याला परवाना लागत नाही, शुल्क लागत नाही, फक्त नोंदणीकृत एग्रिगेटरशी जोडून घ्यावं लागतं. अडचण दरांची होती. कंपन्या त्याच्याकडून महागड्या लीज लाइनचे पैसे मागत. जून 2025 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने त्याला चाप लावला : अशा दुकानदाराला 200 एमबीपीएसपर्यंतचं फायबर ब्रॉडबँड घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दराने देता येणार नाही. मुरबाड-धसई रस्त्यावरच्या दुकानदाराला हे सांगायला कोण गेलं? जिल्हा परिषदेने हे काम घ्यावं.

महापालिकांनाही एक सांगणं आहे. काँक्रीटचा रस्ता करताना कडेला रिकामी नळी टाकून ठेवायला खर्च किरकोळ येतो. ती टाकली नाही तर वर्षभरात तोच रस्ता पुन्हा फोडला जातो. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवण्यासाठी केंद्राने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणलं. ते वापरण्याची अट खोदाईच्या प्रत्येक परवानगीत घाला आणि मोडणाऱ्याकडून दंड वसूल करा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं 2016 मध्ये स्मार्ट सिटी म्हणून निवडली गेली. शहर स्मार्ट असेल तर निदान जेसीबीवाल्याला खाली काय आहे ते माहीत असावं.

आता वाचकहो, तुमच्याशी. गावाकडे नातं असेल तर 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांच्या ग्रामसभेला जा आणि इंटरनेटचा ठराव मांडा : कोणत्या वाड्या, किती घरं, कुठपर्यंत फायबर. ठरावाची प्रत गटविकास अधिकारी, जिल्हाधिकारी आणि आपल्या खासदारांना द्या. ग्रामपंचायतीत पेटी बसलेली असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका आणि दोनच प्रश्न विचारा : गेल्या वर्षात ही जोडणी किती दिवस चालू होती आणि देखभालीपोटी किती पैसे दिले? 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. शहरात राहत असाल, तर नगरसेवकाला विचारा की प्रभागातल्या ज्या चाळींत फायबर नाही त्यांची यादी महापालिकेने केली आहे का. नसेल, तर तुम्ही करा. केबलचा धंदा करत असाल, तर शेजारच्या तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीबरोबर बसून तो एक पानी अर्ज लिहून ठेवा. पैसे आपण सगळ्यांनी भरलेले आहेत आणि कायद्याने दारही उघडलेलं आहे. अर्ज तयार ठेवा, आणि तो स्वीकारला जाईपर्यंत पिच्छा सोडू नका.